रिफिल नव्हे, रिपीट : मुलांना घेऊन हॉटेलात गेल्यावर बिल कुठे फुगतं

प्रश्न थोडक्यात असा. सहा वर्षं अमेरिकेत राहून पुण्यात परतलेलं कुटुंब. नवरा-बायको, आठ आणि पाच वर्षांची दोन मुलं. रविवारी दुपारी बाणेरच्या एका हॉटेलात जेवायला गेले. मुलांनी मिंट लेमोनेड मागवलं आणि जेवण यायच्या आत संपवलं. वेटरने विचारलं तेव्हा यांनी ‘हो, रिफिल प्लीज’ म्हटलं. बिलात लेमोनेड चार. ताई विचारतात : रिफिलचे पूर्ण पैसे लावणं ही फसवणूक नाही का? वेटर मुलांसमोर एकेक पदार्थ सुचवत सुटतो तेव्हा नाही कसं म्हणायचं? आणि मुलांनी टेबलाखाली भाताचा सडा घातला, वर एक ग्लास फोडला, तर टिप किती ठेवायची? नवऱ्याने तीनशे रोख ठेवले. दीर म्हणाला, शंभर खूप झाले असते.

सोबत बिलाचा फोटो होता. जेवण १,८६०. लेमोनेड १९० प्रमाणे चार, ७६०. पाण्याच्या दोन बाटल्या १२०. बेरीज २,७४०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज २७४. मग या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, १५० रुपये ७० पैसे. एकूण ३,१६५.

मी या लाइनमध्ये चोवीस वर्षं आहे. दादरला एका उडप्याकडे टेबलं पुसण्यापासून सुरुवात, मग पुण्यात वेटर, कॅप्टन, मॅनेजर, आणि गेली सात वर्षं सिंहगड रस्त्यावर स्वतःचं चौदा टेबलांचं हॉटेल. खाली जे लिहितोय त्यातली बरीच पापं मी स्वतः केलेली आहेत, काही इतरांना शिकवलेली आहेत.

आधी सरळ उत्तर. चारही लेमोनेडचे पैसे तुम्ही देणं लागत होता. सर्व्हिस चार्ज देणं लागत नव्हता. गंमत अशी की तुमची सगळी चिडचिड लेमोनेडवर आहे, आणि २७४ रुपयांना तुम्ही ‘तो सर्व्हिस टॅक्स असतो तो’ असं म्हणून सोडून दिलंय.

लेमोनेडचं काय झालं ते मला इथे बसून दिसतं. तुम्ही ‘रिफिल’ म्हणालात, वेटरने ‘रिपीट’ ऐकलं. आपल्याकडे हॉटेल लाइनमध्ये रिफिल हा शब्द पाण्याचा जग भरण्याखेरीज कुठे वापरलाच जात नाही. पेय संपत आलं की वेटर विचारतो, ‘रिपीट करू?’ हा शब्द परमिट रूममधून आलाय आणि तिथे त्याचा अर्थ कोणालाही सांगावा लागत नाही : तेच, तेवढंच, पुन्हा, आणि पुन्हा तितकेच पैसे. फॅमिली सेक्शनमध्ये तोच शब्द मुलांच्या सरबताला लागला. वेटरने तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. त्याच्या डोक्यात फुकट रिफिल ही गोष्टच नसते.

आणि समजा त्याला द्यायचं असतं, तरी त्याला ते शक्य नव्हतं. तुमची ऑर्डर घेतली की ती मशिनवर जाते आणि त्याची केओटी, म्हणजे ऑर्डरची छापील चिठ्ठी, निघते, किचनची किचनमध्ये, पेयांची बार काउंटरवर. काउंटरवरचा माणूस केओटी हातात आल्याशिवाय ग्लासला हात लावत नाही, कारण रात्री त्याला स्टॉक जुळवून द्यायचा असतो. सोड्याच्या बाटल्या किती गेल्या, सिरप किती गेलं, केओट्या किती निघाल्या. न छापता दिलेला ग्लास म्हणजे त्याच्या अंगावर. म्हणून बिलाबद्दल शंका आली की वेटरशी वाद घालण्यात अर्थ नसतो. छापलेली केओटी रद्द करायचा पासवर्ड मॅनेजरकडेच असतो. तुम्ही तेव्हाच मॅनेजरला बोलावून शांतपणे म्हणाला असतात, ‘आम्ही हे रिफिल समजून घेतलं, दुसऱ्या फेरीचं बघा काही होतंय का’, तर दोनातलं एक तरी त्याने नक्की कमी केलं असतं. मी केलं असतं. चारही काढा म्हटलं असतंत तर हात जोडले असते.

अमेरिकेत ते फुकट का असतं, हेही बघा. तिथे सिरपची पिशवी, गॅसचं सिलिंडर आणि नळाचं पाणी एका मशिनला जोडलेलं असतं. ग्लास धरला, दांडी दाबली, संपलं. आत जाणाऱ्या मालाची किंमत नगण्य आणि माणसाचा वेळ शून्य. आणि तिथेही फुकट असतो तो मशिनमधला सोडा आणि आइस टी. हाताने केलेला मिल्कशेक परत भरून देतात का? सहसा नाही. आपल्याकडे थंड पेय एक तर बाटलीतून येतं, नाही तर कोणीतरी लिंबू पिळून, पुदिना ठेचून करतं. मालाचा खर्च माझ्या काउंटरवर एका ग्लासला पंचवीस-तीस रुपयांच्या घरात येतो. बाकीच्या पैशांत भाडं, वीज, पगार आणि नफा. पेयांवर आमची कमाई जेवणापेक्षा चांगली होते हे मी लपवत नाही, आणि म्हणूनच तुमच्या टेबलाशी आल्या आल्या पहिला प्रश्न पेयांचा असतो. (फ्रान्सने तर २०१७ साली कायदा करून गोड पेयांचं अमर्याद फुकट रिफिलच बंद केलं, मुलांच्या वजनापायी. मुलांचे आईवडील म्हणून तुमच्या कामाची माहिती.)

आता ग्लासाकडे जरा जवळून बघा. उंच, निमुळता, साडेतीनशे मिलिलिटरचा. आधी तो काठोकाठ बर्फाने भरतात, मग सरबत ओततात. आत मावतं ते पावणेदोनशेच्या आसपास, कधी त्याहून कमी. वर पुदिन्याची काडी, लिंबाची चकती आणि जाड स्ट्रॉ. उन्हातून आलेलं आठ वर्षांचं पोर अशा स्ट्रॉने ते चार घोटांत संपवतं, मग तळाला घर्रर्र आवाज काढतं. तो आवाज म्हणजे वेटरसाठी घंटा. तुमच्या मुलांनी दहा मिनिटांत दोन ग्लास ‘संपवले’ म्हणता, त्यांच्या पोटात प्रत्येकी जेमतेम एक भरलेला ग्लास गेला असेल. तेव्हा पुढच्या वेळी सांगा, ‘बर्फ वेगळा आणा.’ काही ठिकाणी मग ग्लास भरून देतात, काही ठिकाणी तेवढंच सरबत अर्ध्या ग्लासात आणून ठेवतात. दुसरं झालं तर निदान कळतं की आपण काय विकत घेतोय. नाही तर सरळ एक मागवा आणि एक रिकामा ग्लास. वन बाय टू सूप मागताना आपल्याला लाज वाटत नाही, कटिंग चहाचं तर सोडाच, मग लेमोनेडला कशाला? आणि तिसरी गोष्ट, पेय जेवणासोबत आणायला सांगा. आधी आलं की ते रिकाम्या पोटी संपतं, मग मूल जेवताना पाणी मागतं आणि पुलाव तसाच राहतो.

आपल्याकडेही परत-परत वाढायची पद्धत आहे, पण ती थाळीत. त्यातही काय परत येतं आणि काय येत नाही याचं गणित बघण्यासारखं आहे. कोल्हापुरी मटण थाळीत तांबडा आणि पांढरा रस्सा मागाल तितक्या वेळा वाढतात, पण मटणाची वाटी एकदाच. गुजराती थाळीत ताकाचा जग फिरत असतो. मालवणी खानावळीत मात्र सोलकढीची पहिली वाटी थाळीत आणि दुसरीचे पैसे, आणि यावरून मी माणसं भांडताना पाहिली आहेत. रस्सा सोलकढीपेक्षा जास्त कष्टाचा आहे, पण त्याचं पातेलं चुलीवर असतं आणि त्यात भर घालता येते. सोलकढी म्हणजे नारळाचं दूध. नारळ महाग, शिवाय उन्हाळ्यात ती दुपारची संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून मोजून. ज्या खानावळीने हे भिंतीवर लिहून ठेवलंय तिथे भांडण होत नाही. जिथे लिहिलेलं नाही तिथे रोज एक होतं. तुमच्या हॉटेलची चूक काढायचीच असेल तर ही काढा : मेन्यूवर ‘प्रत्येक ग्लासाचे वेगळे पैसे’ एवढी ओळ छापायला काही जात नव्हतं.

पाण्याच्या बाटल्यांचंही सांगतो. ‘मिनरल की रेग्युलर?’ या प्रश्नाला ‘रेग्युलर’ हे पूर्ण उत्तर आहे, त्यापुढे ओशाळायचं कारण नाही. बाटलीचं सील तुटलं की ती बिलात आली. छापील किमतीपेक्षा जास्त लावली म्हणून वाद घालू नका. हॉटेलात बसून पाणी पिण्यात सेवाही आली, तेव्हा छापील किमतीचं बंधन तिथे लागू नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. लहान मुलांना बाहेरचं पाणी नको असेल तर घरची बाटली आणा. मुलाच्या पाण्याला किंवा मऊ भाताच्या डब्याला हरकत घेणारा मालक मी तरी पाहिलेला नाही. सिनेमागृहांबाबत तर सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच म्हटलं, की बाहेरचं खाणं अडवा, पण पाणी फुकट द्या आणि तान्ह्या बाळांचं खाणं आणू द्या. हॉटेलांना तो निकाल लागू नाही, पण रीत तीच आहे.

आता दुसरा प्रश्न, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो.

रोज सर्व्हिस सुरू व्हायच्या आधी प्रत्येक बऱ्या हॉटेलात दहा मिनिटांचं ब्रीफिंग असतं. आज मासा कुठला आलाय, काय संपलंय, आणि काय ‘पुश’ करायचंय. पुश करायच्या यादीत दोन प्रकारचे पदार्थ असतात : ज्यात नफा जास्त तो, आणि जो आज खपला नाही तर उद्या टाकावा लागेल तो. माझ्या एका जुन्या नोकरीत दर मॉकटेलमागे वेटरला दहा रुपये मिळायचे. रात्री त्याचा हिशेब व्हायचा. मी तिथे कॅप्टन होतो आणि नव्या पोरांना शिकवायचो, की प्रश्नात ‘नको’ला जागा ठेवायची नाही. ‘पापड आणू का?’ असं नाही विचारायचं. ‘पापड साधा की मसाला?’ असं विचारायचं. ‘रोटी बटर लावून ना?’ ‘सूप चौघांना की वन बाय टू?’ गिऱ्हाईक उत्तर देतं तेव्हा त्याला वाटतं आपण निवड केली.

आणि मुलं असली की आणखी एक धडा : प्रश्न आईला विचारायचा नाही, मुलाला विचारायचा. थोडं वाकायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं, ‘चॅम्प, ओरिओ शेक की स्ट्रॉबेरी शेक?’ मूल लगेच उत्तर देतं. मग टेबलावर नाही म्हणायचं काम आईबापांवर येतं, आजूबाजूच्या टेबलांदेखत. नव्वदातले ऐंशी म्हणत नाहीत, असं आम्ही आपसात म्हणायचो. मोजलं कोणीच नव्हतं.

हे बंद कसं झालं ते सांगतो, कारण त्यात माझा काही मोठेपणा नाही. एका शनिवारी चौदा नंबरच्या टेबलावर आई आणि दोन मुलं होती. ऑर्डर देऊन झाली होती. मुलांना डाळ खिचडी, तिला स्वतःला पनीरची एक भाजी आणि रोटी. माझा वेटर, मीच शिकवलेला, मुलांकडे वळला आणि दोन शेक विकून आला. खूश होता. मी पाणी भरायला त्या बाजूला गेलो तर त्या बाईंनी मला हाताने जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘ते पनीर अजून लावलं नसेल तर राहू दे. मी यांच्यातलंच खाईन.’ मुलांना ऐकू जाणार नाही एवढाच आवाज. मी केओटी रद्द करायला गेलो. रात्री झोपताना माझ्या डोक्यात आधी आकडाच आला : शेकचे पैसे आले, भाजीचे आणि रोटीचे गेले. टेबल तेवढ्याचंच राहिलं, आणि ती बाई परत कधी आली नाही. आता माझ्या हॉटेलात नियम आहे, मुलांच्या पदार्थाचा प्रश्न मोठ्या माणसाला, आणि मूल दुसरीकडे बघत असताना.

सगळीकडे हा नियम नसणार. तेव्हा तुम्ही काय करायचं? वेटर यायच्या आत घरचा निर्णय होऊ द्या. गाडीतच सांगा, ‘आज एक गोड मिळेल, पेय किंवा आइस्क्रीम, तुम्ही ठरवा.’ मग वेटर मुलाकडे वळला की मूल स्वतःच म्हणतं, ‘मला आइस्क्रीम हवंय, म्हणून शेक नको.’ माझ्या टेबलांवर पाच वर्षांच्या मुलीने असं वेटरला गार केलेलं मी पाहिलंय. आणि वेटरला बसल्या बसल्याच सांगून टाका, ‘दादा, आमची ऑर्डर एकदम देतो, मुलांचं काही लागलं तर मला विचारा.’ यात कोणाचा अपमान होत नाही. उलट त्याला कळतं की या टेबलावर वेळ घालवण्यात अर्थ नाही, तो शेजारच्या टेबलाकडे जातो. पदार्थ सुचवला की ‘केवढ्याचं आहे?’ हे तिथेच विचारा, मोठ्याने. ‘शेफचं स्पेशल’ आणि ‘आजचा ताजा’ या दोन्हींची किंमत मेन्यूवर नसते बऱ्याचदा, आणि माशाच्या बाबतीत तर ती वजनावर असते. पापलेटच्या थाळीपेक्षा एकटं पापलेट महाग पडलेली माणसं बिल बघून पाणी मागतात.

पण सुचवणं म्हणजे लुबाडणंच, असंही समजू नका. चांगला वेटर उलटंही सुचवतो. ‘मुलांना दोन प्लेट नको, एक घ्या, मी दोन वाट्यांत आणतो.’ ‘हे तिखट आहे, त्यापेक्षा जिरा राइस हाफ घ्या, त्यावर डाळ देतो.’ अशा वेटरने नंतर काहीही सुचवलं की लोक डोळे मिटून घेतात. तुमच्या टेबलाला तसा मिळाला, तर त्याचं नाव विचारून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्याच स्टेशनला, म्हणजे त्याच्या वाट्याच्या टेबलांवर, बसा.

आता त्या २७४ रुपयांचं. सर्व्हिस टॅक्स नावाचा कर होता, तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपला. आता साध्या हॉटेलातल्या बिलावर कर एकच, पाच टक्के जीएसटी, तो अडीच अधिक अडीच असा दोन ओळींत दिसतो. सर्व्हिस चार्ज सरकारकडे जात नाही, तो हॉटेलकडे राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या : बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही लावायचा नाही, दिला नाही म्हणून सेवा नाकारायची नाही, आणि तो बिलात मिळवून त्यावर जीएसटी तर मुळीच आकारायचा नाही. आमच्या लाइनच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, काही काळ स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ ला कोर्टाने त्या सूचना कायम ठेवल्या आणि याचिका फेटाळल्या. संघटनांनी पुढे अपील केलं.

तुमच्या बिलात तो आपोआप लावला आणि वर त्यावर करही घेतला. दोन चुका. तो काढला असता तर बिल २,८७७ झालं असतं. तेव्हा बिल आल्यावर पैसे द्यायच्या आधी कॅप्टनला एवढंच म्हणायचं, ‘सर्व्हिस चार्ज काढून बिल पुन्हा काढा, टिप आम्ही वेगळी देतो.’ या वाक्यातला दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. पहिला अर्धा ऐकून कॅप्टनचा चेहरा पडतो, कारण बऱ्याच ठिकाणी त्यातला वाटा स्टाफला जातो. दुसऱ्या अर्ध्याने तो सावरतो आणि दोन मिनिटांत नवं बिल येतं. काढायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. फोन लावायची वेळ क्वचित येते. तो नंबर तुम्हाला माहीत आहे एवढं कळलं तरी पुरतं. बिलाचा फोटो मात्र ठेवा.

आणि मग टिप. तुमच्या नवऱ्याने तीनशे ठेवले, सर्व्हिस चार्जचे २७४ आधीच गेलेले. दोन्ही मिळून ५७४, म्हणजे करापूर्वीच्या बिलावर एकवीस टक्के. अमेरिका सोडून आलात, पण तिथली टिप नकळत बाणेरला दिलीत. तिथे वीस टक्क्यांना कारण आहे : टिप घेणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचा केंद्रीय किमान दर तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. अनेक राज्यांत जास्त आहे, पण जिथे नाही तिथे टिप हाच पगार. आपल्याकडे वेटरला महिन्याचा पगार असतो. फार नसतो, बऱ्याच ठिकाणी राहणं-जेवण धरून असतो, पण असतो. टिप वरची. म्हणून टेबल सर्व्हिसच्या हॉटेलात पाच ते दहा टक्के, बिल मोठं असेल तर पाचाकडे झुकलेलं. उडप्याकडे किंवा खानावळीत टक्के काढत बसू नका, दहा-वीस-पन्नासची नोट.

मुलं बरोबर असली की मात्र टक्केवारी चालत नाही असं माझं मत आहे. बिल बघून टिप ठरवली तर मुलांचं टेबल नेहमी कमी पडतं, कारण मुलं खातात थोडं आणि काम लावतात दुप्पट. हाय चेअर आणा, चमचा पडला दुसरा आणा, दूध कोमट करून आणा, तिखट नसलेलं आणा. यातल्या कशाचीही केओटी निघत नाही. तुमच्या टेबलाला सर्व्हिस चार्ज नसता, तर मी दोनशे म्हटलं असतं. त्यातले दीडशे बिलाच्या फोल्डरमध्ये आणि पन्नास वेगळे, हातात.

ते पन्नास कोणाच्या हातात, हे महत्त्वाचं. तुम्ही उठून गेल्यावर टेबलाखालचा भात वेटर काढत नाही. हेल्पर काढतो, ज्याला जुनी माणसं अजून ‘पोऱ्या’ म्हणतात. (नावापुरताच पोऱ्या. हॉटेलात चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तसं कुठे दिसलं तर टिपेचा विचार नंतर करा.) भात वाळला की फरशीला चिकटतो, तो गुडघ्यावर बसून पुठ्ठ्याच्या तुकड्याने खरवडावा लागतो. हाय चेअरच्या फटींमधली डाळ टूथब्रशने. मी दादरला दोन वर्षं हे केलंय. रात्री टिपेची पेटी उघडते तेव्हा वाटप पॉइंटांवर होतं. माझ्याकडे कॅप्टनला तीन, वेटरला दोन, हेल्पर आणि मोरीवरच्या माणसाला एक. म्हणजे तुमच्या मुलांचा पसारा ज्याने आवरला त्याला सगळ्यांत कमी. म्हणून पन्नास त्याला. जाताना भाताचे मोठे ढीग टिश्यूत गोळा करून ताटात ठेवलेत तरी त्याची पाच मिनिटं वाचतात.

टिप शक्यतो रोख. कार्डावर टाकली की आधी मालकाच्या खात्यात जाते, मग महिनाअखेरीला हिशेब होतो, तोवर ती कोणाची होती हे कोणाला आठवत नाही. यूपीआय करायचं तर वेटरच्या स्वतःच्या क्यूआरवर. हल्ली बहुतेकांच्या मोबाइलच्या कव्हरमागे तो असतो. आणि लेमोनेडवरून चिडून टिप कापू नका. दर त्याने ठरवलेला नाही, सर्व्हिस चार्जची ओळ त्याने छापलेली नाही. त्याच्या हातात फक्त तुमच्याशी कसं वागायचं एवढंच असतं, आणि तुम्ही लिहिलंय की त्याने धाकट्याचा हात धुवून आणला. हात धुवायला नेणारा वेटर मी असतो तर तीनशेच घेतले असते.

राहिला फुटलेला ग्लास. त्याचे पैसे सहसा कोणी लावत नाही आणि तुम्ही देऊ करायचीही गरज नाही. मुलांच्या हातून ग्लास फुटणं हे आमच्या धंद्यात धरलेलंच असतं. फक्त एक विचारा. मी पूर्वी होतो त्या एका ठिकाणी ‘ब्रेकेज’ स्टाफच्या टिपेतून कापायचे. अजूनही काही जागी कापतात. तेव्हा निघताना मॅनेजरला सहज विचारायचं, ‘ग्लासाचे पैसे पोरांच्या पगारातून नाही ना जाणार?’ विचारलं गेलं की बहुतेक वेळा जात नाहीत. माझ्याकडे ते नुकसान वहीत माझ्या नावावर पडतं, आणि गेल्या दिवाळीपासून हाय चेअर मागितलेल्या टेबलावर पाणी स्टीलच्या पेल्यातच जातं.